आल्टेनवेर्टचा कोलू

माइंझ, जर्मनी
२९ मे १९५६

घनश्याम,

आशीर्वाद. मी कारणावाचून पत्र लिहीत नाही, आणि सहलीची वर्णने धाडण्याची मला हौस नाही. आज लिहावे लागते आहे ते एवढ्यासाठी की ज्याची कबर शोधण्याचे काम तू माझ्यावर सोपवलेस, तो लालसू वल्द कोलू जिवंत आहे. काल मी त्याच्याशी अर्धा तास बोलले.

क्रमाने सांगते. आम्ही एकोणीस शिक्षिका गेले आठ दिवस ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने चर्च बघत फिरतो आहोत. स्पायरच्या चर्चखाली तळघरात राजांची थडगी आहेत. आमची दुभाषी बाई प्रत्येकाचे सन सांगते, मी वहीत उतरवते, बाकीच्या बाहेर पायरीवर बसून फोटो काढून घेतात. अमरावतीच्या प्रेमिलाबाईंनी वर्म्सला मला विचारले, "एका देवासाठी किती चर्च बघायची हो सुभद्राबाई?" मी म्हटले, पैसे भरले आहेत तेवढी.

आल्टेनवेर्ट आमच्या कार्यक्रमात नव्हते. पण लालसूने १९४४ साली युद्धकैदी म्हणून घरी जे एकच कार्ड पाठवले होते, त्यावर त्या गावाचा शिक्का होता. बोट तेथे पाणी घ्यायला थांबते असे कळले. मी दोन तास मागून घेतले. गाव आपल्या वैरागडाएवढेच. काठावर जुने दगडी चर्च, आणि त्याच्या दाराच्या भिंतीवर पुराच्या खुणा सनावळीनिशी कोरलेल्या. सर्वांत वरची १७८४ ची, माझ्या डोक्यावर तीन हात. चांद्याच्या परकोटावर इरईच्या पुराची एक तरी अशी खूण कोणी कोरून ठेवली आहे का? असो.

पाद्रीला थोडे इंग्रजी येत होते. हिंदी कैद्यांच्या कबरी विचारल्या, तेव्हा तो म्हणाला, तीन आहेत, पण ते सारे हेर, म्हणजे श्रीयुत, कोलूला ठाऊक, घंटा तोच वाजवतो, किल्ल्याही त्याच्याकडेच. मला वाटले, जर्मन नाव असेल. किल्ल्यांचा जुडगा घेऊन माणूस आला तो काळासावळा, रुंद खांद्यांचा, कानशिलावर केस पिकलेले. लष्कराच्या कागदावर 'लालसू वल्द कोलू' असल्यामुळे इथल्या लोकांनी बापाचे नाव आडनाव करून टाकले होते. मी मराठीत विचारले, "तू लालसू का?"

त्याने किल्ली कुलपात तशीच ठेवली. "कोन म्हने?"

"तुझ्या येरमेट्याचे मास्तर म्हणतात. तुझी बायको सोमारी म्हणते."

"सोमारी हाये?"

"आहे. तुझा बापही आहे. अकरा वर्षे झाली लढाई संपून. तू इथे घंटा वाजवत काय करतोस?"

"पयल्या वर्षी बिमार होतो बाई. दुसऱ्या वर्षी जाईन म्हनलो. तिसऱ्या वर्षी तोंड कोन्तं दाखवू?"

"जे आहे ते दाखव," मी म्हटले.

त्याच्या इथल्या राहणीबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही नाही. मी त्याला सरळ बजावले की दसऱ्याच्या आत घरी पोचायचे. बोटीच्या तिकिटाची व्यवस्था वकिलातीतून होते, तो अर्ज मी लिहून दिला. त्याने मान हलवली. मी बत्तीस वर्षे शाळा चालवली आहे. मान केव्हा हलते ते मला कळते.

हे पत्र सोमारीला आणि म्हाताऱ्या कोलूला, चार माणसांदेखत, शब्दशः वाचून दाखव. त्या बाईने बारा वर्षे वाट पाहिली आहे. तिला एक दिवसही जास्त थांबायला लावू नकोस.

सुभद्राबाई वैरागडे

&nbsp;

येरमेटा, आलापल्लीहून
३१ मे १९५६

आदरणीय बाईंस,

घनश्यामचा सादर नमस्कार. तुम्ही दिलेल्या कोलोनच्या हॉटेलच्या पत्त्यावर लिहितो आहे. तुम्ही आल्टेनवेर्टला पोचायच्या आधी हे पत्र मिळावं एवढीच इच्छा. चांद्याला तुमच्या घरी चिठ्ठी दिली तेव्हा एक गोष्ट सांगायला धजलो नाही. तुमच्यासमोर मी अजून सहाव्या वर्गातला पोरगाच होतो. पण न सांगता काम बिघडेल असं वाटतं.

सोमारी लालसूची वाट पाहत नाही.

१९४९ साली लष्कराचं पत्र आलं की लालसू बेपत्ता आहे, मेला असं धरावं. ते मीच वाचून दाखवलं. मग गावाने रीतीप्रमाणे त्याच्या नावाचा दगड उभा केला. मेलेल्याचा जीव घरी आणायची इथे एक रीत आहे. नदीवर जातात, त्याच्या नावाने जाळं टाकतात, पहिला मासा सापडतो तो त्याचा जीव. तो घरी आणून आतल्या खोलीतल्या पूर्वजांच्या मडक्यात सोडतात. मग माणूस पूर्वजांत बसला. बायको मोकळी. धाकटा भाऊ वारलू याने सोमारीला रीतीने घरात घेतलं. त्यांना सुकरी नावाची सहा वर्षांची मुलगी आहे, माझ्या शाळेत येते, पाढे चांगले म्हणते.

सारं गाव मानतं, एक म्हातारा कोलू मानत नाही. तो म्हणतो, "हा मासा आपल्या नदीचा. माझा पोरगा तिकडच्या पान्यात मेला असन तर या पान्यात काऊन सापडन?" सात वर्षं झाली, सोमारीच्या हातचं तो खात नाही. वेगळी चूल, आपल्या हाताने आंबील रांधतो. आता हात कापतात, दोनदा भाजला. सोमारी रोज त्याच्या उंबऱ्यावर ताट ठेवते आणि रोज उचलते.

म्हणून तिचं मागणं एवढंच की लालसूच्या कबरीवरची मूठभर माती आणा. म्हातारा ती माती पाहील तर मानेल आणि तिच्या हातचं दोन घास खाईल. ती मला म्हणाली, "मास्तर, बाईले सांगा, मोठी मूठ आना. बुवाले लहान गोष्ट दिसत नाई."

क्षमा असावी.

आपला,
घनश्याम मेश्राम

&nbsp;

कोलोन
११ जून १९५६

घनश्याम,

तुझे ३१ मेचे पत्र आज मिळाले. माझे २९ तारखेचे तुला पोचले नसेल तर ते फोडू नकोस. पोचले असेल आणि वाचले नसेल तर वाचू नकोस. येथून तार केली आहे, पण ती आलापल्लीच्या पुढे कोण नेणार?

मी त्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही, ती आता लिहिते. आल्टेनवेर्टला लालसूला बायको आहे. हेडविग नाव. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. १९४५ सालच्या तापात तिने त्याला घंटाघरात लपवून वाचवले. दोन मुली आहेत, थोरली दहा वर्षांची. धाकटी त्याच्या कोटाला धरून उभी होती आणि मी तिच्या बापाला रागावत होते.

हे मी मुद्दाम गाळले. गावासमोर वाचायचे पत्र, त्यात हे नको, असे मला वाटले. आणि तो परत गेला म्हणजे हे प्रकरण आपोआप मिटेल, असेही वाटले. मी शाळेतल्या मुलींना खोटे बोलल्याबद्दल ओणवे उभे केले आहे. गाळणे हे खोटे बोलण्यात मी कधी धरले नव्हते.

येथले मोठे चर्च पाहिले. दोन मनोरे आभाळाला लागलेले, आणि भोवती अजून बॉम्बने पडलेल्या घरांची जोती. सगळ्या जणी वर चढून गेल्या. मी खाली बसून हे लिहीत आहे.

उलट टपाली कळव.

सुभद्राबाई

&nbsp;

येरमेटा
१८ जून १९५६

आदरणीय बाईंस,

तुमची तार काल मिळाली. पत्र नऊ तारखेलाच मिळालं होतं आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे त्याच दिवशी मोहाच्या झाडाखाली शब्दशः वाचून दाखवलं. अकरा तारखेचं अजून आलेलं नाही.

सुरुवातीच्या 'जिवंत आहे' यावर कोणाचा विश्वास बसला नाही, सहलीच्या भागाला लोक हसले. पुराच्या खुणेला गायता, म्हणजे आमच्या गावचा पुजारी, मान डोलावून म्हणाला, "नदीकाठचे लोक दिसते, अक्कल असन." मग मी त्याचं बोलणं वाचलं. कोलू उठून उभा राहिला. नाचायलाच लागला बाई. "मी म्हनत होतो ना! खोटा होता तुमचा मासा! खाऊन टाका लेकहो आता त्याले!"

सोमारीने एकच विचारलं. "येतो म्हनला का?"

मी म्हणालो, दसऱ्याच्या आत, असं बाईंनी लिहिलं आहे. ती म्हणाली, "बाईनं लिवलं. तो काय म्हनला?" मी पत्र पुन्हा पाहिलं. मान हलवली एवढंच होतं.

तिला कोणी हाकललं नाही, हे तुम्हाला कळावं. गायता तिच्याजवळ बसून बोलला, की पूर्वजांच्या मडक्यापुढे ज्याच्या नावाने तू सात वर्षं अन्न ठेवलं तो जिवंत आहे. जिचा नवरा जिवंत, ती त्याच्या भावाच्या घरात मडक्याला हात लावू शकत नाही. तुझा दोष नाही पण रीत आहे. ती म्हणाली, "मग मीच जातो." सुकरीला घेऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर राहायला गेली. वर पळसाची पानं टाकली आहेत, पण पाऊस सुरू झाला आहे. मुलगी शाळेत येत नाही.

वारलू मला म्हणाला, "भाऊ आला तर घर त्याचं, बायको त्याची. पोरगी माझी हाये का नाई तेवढं बाईले इचारा." दुसऱ्या दिवशी बल्लारशाच्या लाकूड डेपोवर मजुरीला निघून गेला.

म्हाताऱ्याने लोखंडी सब्बल नेऊन लालसूचा दगड पाडला. तेव्हापासून रोज सकाळी तीन मैल चालून आलापल्लीच्या मोटार रस्त्यावर जाऊन बसतो. ड्रायव्हर थट्टा करतो, "काय बुवा, जर्मनीची गाडी लेट हाये का आज?" बुवा म्हणतो, "तुही गाडी रोजच लेट रायते. त्याची एक डाव झाली तर काय झालं?"

मला शंका येते आहे बाई. तुमच्या पत्रात काही कमी आहे. तो येणार नसेल तर एकच वाट आहे. गायत्याला मी विचारलं. काडीमोड. वाळलेली काडी नवऱ्याने आपल्या हाताने मोडायची आणि अर्धी बायकोला द्यायची. तो इथे नसेल तर साक्षीदाराने आणली तरी चालेल असं गायता म्हणतो. पण हात त्याचाच पाहिजे. मग सोमारी घरी जाऊ शकते. वारलूला मी बोलावून आणीन.

त्याला तरी आणा, नाहीतर त्याची काडी आणा.

आपला,
घनश्याम

&nbsp;

बाझेल, गाडीची वाट पाहताना
२ जुलै १९५६

घनश्याम,

तुझे पत्र २८ तारखेला म्युनिकला मिळाले. मंडळ पर्वत बघायला गेले. मी एकटी उलट गाडीने आल्टेनवेर्टला गेले.

चर्चच्या आवारात गवत कापून वाळत घातले होते. मी तुझे पत्र त्याला सगळे वाचून दाखवले, या वेळी काहीही न गाळता. मोटार रस्त्याचे आले तेव्हा तो खाली बसला. पत्र संपवून मी घडी घातली. मग विचारले, "येतोस का?"

"या पोरींले घेऊन येऊ? का टाकून येऊ?"

"ते तू ठरव. पण आज ठरव. तिकडे एक बाई पावसात माळ्यावर बसली आहे."

त्याने राय नावाच्या धान्याच्या पेंढ्यातली एक लांब काडी उपसली. दोन्ही हातांत धरली. हेडविग दारात उभी होती, तिने काय आहे म्हणून विचारले. त्याने तिच्या भाषेत सांगितले. ती आत गेली आणि दार लावून घेतले. काडी मोडायला एवढा वेळ लागतो हे मला माहीत नव्हते. मोडली. एक अर्धी मला दिली, एक खिशात ठेवली. म्हणाला, "सोमारीले सांगा, तिचं काई चुकलं नाई. वारलूले सांगा, पोरगी त्याचीच."

मी विचारले, "आणि बाप?"

"बापाची काडी कशी मोडू बाई?"

मग तो मला स्टेशनवर पोचवायला आला.

आता नीट वाच. मी सहाला इटलीतल्या जिनोव्हाहून बोटीने निघते. काडी टपालात घालणार नाही, ती साक्षीदारानेच द्यायची आहे. सोमारीला एवढे सांग की काडी निघाली आहे, तोवर मुलीला तुझ्या घरी निजायला ठेव. पण कोलूला काही सांगू नकोस. लालसू येणार नाही हे म्हाताऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदातून ऐकू नये. एकदा मी ते करून बसले आहे. मी स्वतः येऊन, त्याच्यासमोर बसून सांगेन. तोवर तू थांब.

सुभद्राबाई

&nbsp;

येरमेटा
१९ ऑगस्ट १९५६

आदरणीय बाईंस,

चांद्याला पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. नाल्यांना पूर आहे, तुम्ही निघू नका. आलापल्लीच्या पुढे सध्या बैलही जात नाही.

कोलू बुवा बारा तारखेला गेला. जुलै सगळा तो रस्त्यावर बसला. मोटारी बंद झाल्या तरी बसला. मी समजावलं की बुवा, गाडीच नाही. तो म्हणाला, "गाडी नाई तं पायी यीन. लढाईतला मानूस हाये." ताप भरला तेव्हा सोमारी माळ्यावरून उतरून त्याच्याजवळ आली. तिने पेज दिली. त्याने तोंड फिरवलं. रागाने नाही. म्हणाला, "तो आल्यावर सारे मिळून खाऊ."

तुमचं दोन जुलैचं पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. रोज तो विचारायचा, "मास्तर, चिठ्ठी?" आणि मी रोज नाही म्हणायचो. तुम्ही थांब म्हणालात म्हणून थांबलो. तुम्हाला दोष देत नाही. पहिलं पत्र वाचलं तेही तुम्ही सांगितलं म्हणून, हे नाही वाचलं तेही. माझं स्वतःचं डोकं मी कुठे ठेवलं होतं ते मला सापडत नाही.

घनश्याम

&nbsp;

मुक्काम येरमेटा
७ ऑक्टोबर १९५६

लालसू वल्द कोलू यास,
पाद्रीसाहेबांच्या पत्त्यावर, आल्टेनवेर्ट

तुला वाचता येते तेवढ्या सोप्या अक्षरात लिहिते. तुझा बाप १२ ऑगस्टला वारला. तू येणार नाहीस हे त्याला कोणी सांगितले नाही. ते सांगण्याचे काम मी माझ्याकडे ठेवले होते आणि मी वेळेत पोचले नाही. तू न येणे हा तुझा भाग. त्याने दोन महिने वाट पाहणे हा माझा. या दोन गोष्टी तू एकत्र करू नकोस, मीही करत नाही.

तू माझ्याजवळ दिलेल्या वस्तूंची पोच पुढीलप्रमाणे.

काडी, अर्धी, एक. आज सकाळी मोहाच्या झाडाखाली सोमारीच्या हातात दिली. साक्षीदार गायता, घनश्याम मास्तर, वारलू. गायत्याने काडी उजेडात धरून पाहिली आणि विचारले, हे कोणत्या धान्याचे? मी राय म्हणून सांगितले. चालते, म्हणाला. सोमारीने ती घेतली आणि मला म्हणाली, "बाई, तुमी लवकर आल्या का उशिरा आल्या, मले समजूनच नाई राह्यलं." दुपारी ती मुलीला घेऊन वारलूच्या घरी परतली. तुझे दोन्ही निरोप शब्दशः सांगितले. मुलीबद्दलचा ऐकून वारलू घराच्या मागे निघून गेला आणि बराच वेळ लाकूड फोडत राहिला.

कैद्याचा पत्र्याचा बिल्ला, नंबर असलेला, एक. वारलूकडे दिला. तो सुकरीने मागून घेतला. नंबर मोठ्याने वाचून दाखवला, चुकली नाही.

लोकरी कोट, तू स्टेशनवर बापासाठी म्हणून अंगातून काढून दिलास तो, एक. वारलूने घेतला नाही. सोमारीने घेतला नाही. कोलूच्या नावाचा दगड गेल्या महिन्यात उभा झाला आहे. गायता म्हणाला, त्याच्यावर घाला, पावसाने कुजेल तो कुजेल. मी घातला. खांदे तुझ्या मापाचे आहेत, दगडाला मोठे झाले. तुझा पाडलेला दगड शेजारी आडवा आहे. तो उभा करायचा नाही, तू जिवंत आहेस, असे सर्वांनी ठरवले.

गाडी हलताना तू बापासाठी गोंडीत म्हणालेले शब्द. मला ती भाषा येत नाही, म्हणून मी ते ऐकले तसे कागदावर उतरवून घेतले होते. घनश्याम म्हणाला, अर्थ सांगतो. मी नको म्हटले. गायता म्हणाला, दगडापुढे वाचा. ते मी केले नाही. ज्याला द्यायचे होते तो नव्हता.

कागद, घडी घातलेला, एक. देणे झाले नाही. या पाकिटात परत.

सुभद्रा वैरागडे